संत्र्याची साल आणि वाफेवरचे चिनी गोळे

पहाटे पाचला आमच्या स्वयंपाकघरातून थाप-थाप असा आवाज यायला लागला की खालच्या मजल्यावरचे समजतात, आज आबांनी खिमा काढला. पहिल्या वेळी ते घाबरून वर आले होते, भिंत वगैरे फोडणं चाललंय की काय म्हणून. मी त्यांना परात दाखवली. परातीत खिम्याचा गोळा होता आणि तो मी उचलून उचलून आपटत होतो. ते काही बोलले नाहीत, नुसते सौ.कडे बघत राहिले. तिनं हात वर केले. संध्याकाळी त्यांच्याकडे डबा गेला, तेव्हापासून तक्रार नाही.

हे गोळे म्हणजे मंचुरियन नव्हे, हे आधी सांगून टाकतो. नागपुरात चायनीज म्हटलं की गाडीवरचा लाल रस्सा आणि कोबीचे तळलेले गोळे डोळ्यासमोर येतात. तेही मी आवडीनं खातो, पण ती आपल्याच देशातली चीज. मी सांगतोय ते दक्षिण चीनमधल्या कँटनकडचे, तेलात न तळता वाफेवर शिजवलेले, फिकट रंगाचे, दाताखाली रबरासारखे नाही पण किंचित उसळी मारणारे. तिखट शून्य. नागपुरातल्या इंदोरा वस्तीतल्या आमच्या घरात तिखट नसलेलं मटण म्हणजे आजाऱ्याचं जेवण समजतात, तरी हे गोळे ताटात उरत नाहीत.

मी रेल्वेत होतो, मोतीबागला. आमचा नागपूर विभाग आज बिलासपूरच्या दक्षिण पूर्व मध्य रेल्वेत आहे, पण २००३ च्या आधी तो दक्षिण पूर्व रेल्वेत होता आणि तिचं मुख्यालय कोलकात्याला गार्डन रीचला. त्यामुळे आमची माणसं कामासाठी हावड्याच्या गाडीत सारखी चढलेली असत. १९९४ साली मला तिथं आठ महिने काढावे लागले. रविवारी सकाळी एक बंगाली सहकारी मला टिरेटा बाजारात घेऊन गेला, लालबाजारच्या मागं. तिथं उजाडता उजाडता चिनी मंडळी फुटपाथवर पातेली आणि बांबूच्या करंड्या मांडून बसायची. आठ-साडेआठला सगळं संपलेलं. एक म्हातारी वाफेवरचे गोळे विकायची. तिसऱ्या रविवारी मी धीर करून विचारलं की हे इतके लुसलुशीत कसे होतात. ती हिंदीत एवढंच म्हणाली, "इसको मारना पड़ता है." आणि हातानं आपटून दाखवलं. आणखी एकदा विचारलं तेव्हा तिनं एक काळपट, वाळलेला तुकडा माझ्या नाकाशी धरला. वास ओळखीचा होता. आमच्या गावात ज्याचे ढीग उकिरड्यावर पडतात, ते हे. संत्र्याची साल.

तेव्हा कृतीची पहिली पायरी तीन वर्षं आधी करायची आहे.

कँटनच्या स्वयंपाकात वाळवून मुरवलेल्या सालीला चेनपी म्हणतात. शब्दाचा अर्थच जुनी साल. ग्वांगडाँग प्रांतातलं शिन्हुई हे गाव तिच्यासाठी नावाजलेलं, आणि तीन वर्षं मुरल्याशिवाय तिला त्या नावानं हाक मारत नाहीत. तिथलं फळ वेगळ्या जातीचं असलं तरी आपलं नागपुरी संत्रंही त्याच मँडरिनच्या गोतातलं, सैल सालीचं. मोसंबीची साल चालत नाही. ती गराला चिकटून असते, जाड असते आणि वास वेगळा.

अंबिया बहाराचं संत्रं दिवाळीच्या आसपास बाजारात येऊ लागतं, मृगाचं फेब्रुवारी-मार्चात. मी मृगाची वाट बघतो, कारण त्यानंतर ऊन कडक मिळतं आणि साल चार-पाच दिवसांत खडखडीत होते. फळ घेताना चकचकीत घेऊ नका. लांबच्या बाजारासाठी धुऊन मेण चढवलेलं फळ चकाकतं, आणि ते मेण सालीवरच असतं. कळमन्याच्या बाजारात किंवा काटोल-नरखेडकडून आलेल्या गाडीवर डाग पडलेलं, ओबडधोबड फळ मिळतं, ते आपल्याला हवं. कोमट पाण्यात मीठ टाकून घासून धुवा. मग देठाच्या उलट बाजूनं तीन पाकळ्या होतील अशी चीर देऊन साल सोला, देठाशी जोडलेली राहू द्या. सुपात पांढरी बाजू वर करून गच्चीत ठेवा. वाळली की काचेच्या बरणीत. दर वर्षी एप्रिलमध्ये एक दिवस पुन्हा उन्हात काढायची, पापडांसोबत. पावसाळ्यात बरणी उघडायची नाही. माझी २०१९ ची अख्खी बरणी ऑगस्टमध्ये उघडली म्हणून बुरशीनं गेली. बरणीवर चिठ्ठी लावा. आमच्याकडं नातीनं लिहिलंय: "सालीचं साल २०२२".

तीन वर्षं थांबायचं नसेल तर दोन महिने वाळलेली साल घ्या, मात्र निम्मी. नवी साल कडू असते आणि गोळ्यात तो कडवटपणा शेवटी जिभेवर येतो. जुनी झाली की कडवटपणा उतरतो, रंग तपकिरी होतो, आणि वास संत्र्यापेक्षा थोडा औषधाकडं, थोडा कापराकडं झुकतो. ताजी साल किसून घालायचा मोह होईल. मी घातलीय. साबण खाल्ल्यासारखं लागलं.

आता मटण. कँटनचा मूळ गोळा गाईबैलाच्या मांसाचा असतो, तो विषय आपल्याकडं नाही. चीनमध्ये इतर ठिकाणी डुकराचं वापरतात, आणि ज्यांच्या घरात ते चालतं त्यांचं अर्धं काम सोपं होतं, कारण डुकराची चरबी मऊ. सात भाग मांस, तीन भाग चरबी घ्या आणि पुढं वाचा. आमच्या घरी बोकड. बोकडाच्या चरबीची खोड अशी की गरम असेपर्यंत ठीक, थंड झाली की टाळूला मेणासारखी चिकटते. पहिली दोन वर्षं मी मटणवाल्याकडून मुद्दाम चरबी मागून आणायचो आणि पाहुणे गोळा खाऊन गरम चहा मागायचे. मग सुनेनं सुचवलं, चरबीऐवजी कोंबडीची मांडी कातडीसकट घाला. तेव्हापासून प्रमाण ठरलंय: बोकडाच्या मांडीचं बिनहाडाचं मटण ३५० ग्रॅम, कोंबडीच्या मांडीचं बिनहाडाचं मांस कातडीसकट १५० ग्रॅम. कोंबडीवाल्याला आधीच सांगा, "कातडी काढू नको." त्याचा हात सवयीनं आधी कातडीकडंच जातो.

मशीनचा खिमा मी आणत नाही. मशीनमधून निघेपर्यंत तो गरम झालेला असतो, आणि त्या दिवशी मशीनमध्ये आधी काय घातलं होतं ते देवाला ठाऊक. मटणातले पांढरे पडदे आणि नसा बारकाईनं काढा. या कामाला अर्धा तास लागतो आणि तो वाचवता येत नाही, कारण नस राहिली की गोळा खाताना दोरा आल्यासारखं होतं. मग लहान तुकडे करून फ्रीजरमध्ये पाऊण तास ठेवा. बाहेरून कडक, आतून दबेल असं झालं की दोन सुऱ्यांनी कुटा. सून मिक्सरमध्ये करते, पाच-पाच सेकंद फिरवून, मध्ये झाकण उघडून बर्फाचा खडा टाकत. तिचे गोळेही चांगले होतात. माझ्यापेक्षा एकसारखे होतात, हे मी तिच्यासमोर कबूल केलेलं नाही.

या सगळ्यात गार हा शब्द विसरू नका. मांसात मीठ घालून मळलं की त्यातलं प्रोटीन सुटून चिकट होतं. तो चिकटपणा पाणी आणि चरबी दोन्ही धरून ठेवतो आणि वाफेत घट्ट होऊन उसळी देतो. खिमा गरम झाला तर चरबी आधीच वितळून वेगळी होते, मग तुम्ही कितीही मळा, गोळा भुसभुशीत होणार. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या घरात असतो आणि दुपारी ओट्याचा दगडसुद्धा तापलेला असतो. म्हणून माझी पहाट. परात रात्रीच फ्रीजरमध्ये जाते. मळताना बोटं बधिर झाली नाहीत तर खिमा पुरेसा गार नाही असं समजा आणि परात दहा मिनिटं परत आत ठेवा.

अर्ध्या किलो खिम्याला मीठ एक चहाचा चमचा, खायचा सोडा अर्धा चमचा सपाट, साखर दोन चमचे. सोड्यानं बोकडाचं मटण मऊ पडतं आणि पाणी जास्त धरतं. सपाट म्हणजे सपाटच, सुरीनं चमचा सारखा करून. जरा वर गेला की साबणाची चव येते आणि मग काही करता येत नाही. हे तीन घालून चार-पाच मिनिटं हातानं मळा, पंजा फणीसारखा करून, एकाच दिशेनं. मग १०० मिलिलिटर बर्फाचं पाणी तीन वेळा करून घाला. पहिलं पूर्ण जिरल्याशिवाय दुसरं नाही. पहिल्यांदा करणाऱ्याला इथं वाटतं की पाणी फार झालं, सगळं पातळ होणार. मळत राहा. खिमा ते पिऊन टाकतो आणि फुगतो.

पाण्यानंतर सोया सॉस, एक मोठा चमचा. गाडीवाल्यांकडं असतो तो काळा दाट सॉस घेतलात तर अर्धाच, नाहीतर गोळे गुळाच्या ढेपेच्या रंगाचे होतील. पांढरी मिरी अर्धा चमचा. काळीही चालते, ठिपके दिसतात इतकंच. आणि पीठ. कँटनमध्ये तिथल्या पाणशिंगाड्याच्या पिठाचा वापर असतो. आमच्याकडं आपल्या शिंगाड्याचं पीठ, तीन मोठे चमचे, थोड्या गार पाण्यात कालवून. दोन्ही वनस्पती वेगळ्या आहेत: त्यांचा तो लव्हाळ्याच्या कुळातला, चिखलात जमिनीखाली येणारा कंद, आपला तळ्याच्या पाण्यावर पसरलेल्या वेलाचं शिंगाचं फळ. पण दोन्ही पिठांनी गोळ्याला एक हलका कुरकुरीत ताठपणा येतो, जो मक्याच्या पिठानं येत नाही. एकच सूचना: हे पीठ घरातल्या उपासाच्या डब्यातून घेऊ नका. मी आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशी खिम्याच्या हातानं तो डबा उघडला होता. सौ.नं पूर्ण डबा माझ्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाली, "घ्या, हा आता तुमचाच. सगळाच मटणात घाला." सहा महिने पुरला.

आता आपटणं. खिम्याचा सगळा गोळा एका हातात मावेल असा उचला, परातीपासून फूटभर वर न्या आणि जोरात फेका. गोळा करा, पुन्हा फेका. मी पन्नास वेळा करतो, मोजून. तिसाव्या फेकीच्या आसपास आवाज बदलतो; आधी पचपच येतो, मग कोरडी थाप येते. परातीच्या कडेला पांढरट तंतू ओढलेले दिसायला लागतात. पंजा उलटा केला तरी खिमा पडत नाही. इथं थांबा. परातीखाली ओला पंचा घातलात तर परात सरकत नाही आणि खालचे शेजारीही टिकतात.

झाकून फ्रीजमध्ये किमान चार तास. मी पहाटे आपटतो आणि दुपारच्या जेवणाला वाफवतो. आदल्या रात्री करून ठेवलं तर आणखी चांगलं.

तेवढ्या वेळात साल भिजवा. एका संत्र्याच्या सालीची एक पाकळी, कोमट पाण्यात अर्धा तास. मऊ झाली की आतला पांढरा भाग चमच्यानं खरवडून टाका आणि उरलेली साल अगदी बारीक चिरा, जिरं असतं इतकी. भिजवल्याचं पाणी फेकू नका, त्याचा एक चमचा खिम्यात जातो.

कच्चे शिंगाडे सहा-सात. नागपुरात दसऱ्यापासून थंडीपर्यंत हिरवे-लाल ओले शिंगाडे मिळतात, भंडारा-गोंदियाकडच्या तलावांतले. तिथले ढिवर लोक मालगुजारी तलावांत डोंग्यातून फिरून ते काढतात, गार पाण्यात हात घालून, काट्यांशी खेळत. आपण किलोमागं पाच रुपयांसाठी घासाघीस करतो तेव्हा हे लक्षात असलेलं बरं. उकडलेले काळे घेऊ नका, ते पिठूळ असतात. आपल्याला करकर हवी. आणि दातानं सोलू नका. तळ्यातला माल आहे, नीट धुऊन सुरीनं सोला. बारीक फोडी करून फडक्यात दाबून पाणी काढा. हंगाम नसेल तेव्हा कमळकाकडी घ्या, कच्चीच बारीक चिरून. एकदा उन्हाळ्यात मी कोबीचा आतला दांडा चिरून घातला होता, तोही वाईट नव्हता, पण वाफेत कोबीचा वास पुढं येतो आणि सालीचा मागं पडतो.

कोथिंबीर मूठभर, देठांसकट. पातीचा कांदा दोन काड्या. तिळाचं तेल एक मोठा चमचा. चिनी तिळाचं तेल भाजलेल्या तिळांचं असतं, आपलं घाण्याचं कच्च्या तिळांचं, वास जमीन-अस्मानाचा. म्हणून एक चमचा तीळ तांबूस भाजून, ठेचून, तेलात टाकून रात्रभर ठेवा आणि गाळून घ्या. हे सगळं शेवटी, वाफवायच्या आधी खिम्यात मिसळा, हलक्या हातानं. तेल आधी घातलं तर पाणी जिरत नाही.

आता एक चिमूट खिमा तव्यावर शिजवून मीठ बघा. कच्चा चाखू नका.

गोळा वळायला तळहात नाही लागत. ओल्या डाव्या हाताच्या मुठीत खिमा घ्या, मूठ आवळा. अंगठा आणि पहिल्या बोटामधून लिंबाएवढा गोळा वर येतो, तो ओल्या चमच्यानं उचला. फार गुळगुळीत करण्याच्या नादाला लागू नका. अर्ध्या किलोचे अठरा-वीस होतात.

भांड्याची गोष्ट थोडी लांबेल. बांबूची करंडी हवीच या हट्टापायी मी ओळखीच्या बुरडाकडं गेलो, म्हटलं, इडलीपात्रात बसेल अशी गोल, सपाट तळाची, झाकणासकट करून दे. त्याला वाटलं लग्नाच्या रुखवतासाठी आहे. सुरेख करून दिली. पहिल्याच वाफेत पूर्ण घरभर ओल्या हिरव्या बांबूचा वास, आणि गोळ्यांनाही. करंडी आठवडाभर उन्हात ठेवून, मग नुसत्या पाण्यावर तीनदा उकळून काढल्यावर वास गेला. ती अजून वापरात आहे. पण तुम्हाला करंडीची गरज नाही. बांबूचा फायदा एकच की तो वाफेचं पाणी शोषतो. धातूच्या झाकणावरून तेच पाणी थेंब-थेंब गोळ्यांवर पडतं आणि वरची बाजू पांढरी, पुळपुळीत होते. झाकणाला आतून पंचा बांधा, टोकं वर गाठ मारून, आपण फुणके वाफवताना बांधतो तसा. झालं काम.

काठाची ताटली घ्या, ती इडलीपात्रात किंवा मोठ्या पातेल्यात वाटीवर ठेवता यायला हवी. तळाला कोबीचं पान, मिठाच्या पाण्यातून काढलेलं. कँटनमध्ये गोळ्याखाली सोयाबीनच्या दुधाची वाळलेली साय घालतात, कोबी त्या जागी ठीक बसतो. गोळ्यांमध्ये बोटभर अंतर. पाणी आधी खळखळू द्या, मग ताटली आत, आणि आच शेवटपर्यंत मोठीच. बारीक आचेवर गोळा हळूहळू रस सोडतो आणि वाळतो. लिंबाएवढ्या गोळ्याला नऊ मिनिटं. कुकर वापरत असाल तर शिटी काढून ठेवा. दाबानं गोळे कडक होतात. दहाव्या मिनिटाला एक फोडून बघा: आत गुलाबी नको, कारण कोंबडी आहे, आणि रस निघाला तर तो स्वच्छ हवा. ताटलीत जे पाणी जमतं त्यात मटण, साल आणि तीळ तिन्ही उतरलेले असतात. ते सांडणाऱ्याला आमच्या घरात माफी नाही. ते गरम भातावर जातं.

सोबत काय? हाँगकाँगकडं हे गोळे वूस्टरशायर सॉसमध्ये बुडवून खातात. इंग्रज गेले, सॉस राहिला. मला बरेच दिवस हे विचित्र वाटायचं. मग बाटलीवरची यादी वाचली तर त्यात चिंच. इंग्रजांनी आपल्याकडून चिंच नेली, बाटलीत भरली, हाँगकाँगला पाठवली, आणि मी इंदोऱ्यात बसून ती विकत आणायची? आता घरीच करतो: चिंचेचा दाट कोळ दोन मोठे चमचे, गूळ सुपारीएवढा, व्हिनेगर एक चमचा, सोया सॉस एक चमचा, एक लवंग, चार मिरे, पाणी घालून दोन उकळ्या आणि गाळून. पातळ आणि आंबट हवा, चाटच्या चटणीसारखा गोड-दाट नको.

तिखटाशिवाय घास न उतरणाऱ्यांसाठी भिवापुरी मिरचीचं तेल. मिरच्या जाडसर कुटून वाटीत घ्या, कडकडीत तापलेलं तेल मिनिटभर निवू द्या, मग ओता. जावई मात्र यावरही समाधानी नाही. तो उरलेले गोळे दुसऱ्या दिवशी सावजी रश्श्यात सोडतो. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मनातून हळहळलो, तीन वर्षं मुरवलेली साल त्या खसखस-खोबऱ्याच्या काळ्या मसाल्यात बुडाली म्हणून. खाऊन पाहिलं. साल खरंच कुठं सापडली नाही. पण गोळे रश्श्यात फुटत नाहीत, हे कळलं.

अजून एक प्रकार सांगतो, कारण तो आपल्या माणसाला पटकन कळतो. मध्य चीनच्या हुबेई प्रांतात हाच गोळा भिजवलेल्या चिकट तांदळात घोळवून वाफवतात. तांदूळ शिजून उभा राहतो, मोत्यांसारखा दिसतो, आणि नावही मोत्याचे गोळे असंच आहे. म्हणजे आपला गोळाभात उलटा केला. आपण भाताच्या पोटात बेसनाचा गोळा ठेवतो, ते गोळ्याच्या अंगावर भात चढवतात. मी चिन्नोर तांदळानं करून पाहिलं. वास असा की शेजाऱ्यांनी विचारलं. पण चिन्नोर मोकळा शिजतो, त्यामुळे गोळा उचलला की भात खाली आणि गोळा हातात. आसामचा बोरा तांदूळ आणलात तर चिकटतो. चार तास भिजवायचा, पूर्ण निथळायचा, गोळा त्यात घोळवायचा, दाबायचा नाही. यांना नऊ मिनिटं पुरत नाहीत, पंचवीस लागतात, आणि मध्ये एकदा तांदळावर पाण्याचा हबका मारावा लागतो. खिम्यातलं शिंगाड्याचं पीठ यात निम्मं करा.

कच्चे वळलेले गोळे ताटलीत सुटे गोठवून मग डब्यात भरले तर महिनाभर राहतात. गोठलेलेच वाफेवर ठेवायचे, चौदा मिनिटं. नात पुण्याला शिकते, तिच्यासोबत असा डबा बर्फाच्या पिशवीत गुंडाळून रात्रीच्या गाडीनं जातो. परवा तिचा फोन आला, "आबा, सगळ्यांना आवडले, पण वास कसला येतो ते कोणालाच ओळखता आलं नाही."

"तू सांगितलं?"

"नाही ना बाप्पा. मी म्हटलं नागपूरला या, मग सांगते."

२०२२ ची बरणी आता तळाला गेलीय. मृगाचं फळ कळमन्यात यायला अजून दोन-तीन आठवडे आहेत, सुपं धुऊन गच्चीत उलटी घालून ठेवलीत.